निनावे

गाडी विकली माघात.
निनावे आडनावाचे गृहस्थ, राहणार गोळीबार चौक.
पैसे मोजून दिले, दोन्ही किल्ल्या नेल्या,
डिकीत राहिलेली माझी छत्री
दुसऱ्या दिवशी आठवणीने आणून दिली.
आरसी बदललं, विमा बदलला.
फोनमधलं ॲप तेवढं राहून गेलं,
कप फुटल्यावर बशी राहते तसं.

पंधरा दिवसांनी ते वाजलं:
मागचं डावं चाक, हवा कमी.
आता माझं नव्हतं ते चाक. तरी उघडून पाहिलं.
निळा ठिपका गोळीबार चौकातून निघून
गांधीबागेकडे जाऊन राहिला होता.

मग सवयच लागली.
वालाच्या शेंगा सोलताना, कूलरमध्ये पाणी भरताना
बघायचं, निनावे कुठे पोचले.
रविवारी इतवारीत. संध्याकाळी सक्करदऱ्याला, कोणाकडे तरी.
एकदा रात्री अकराला फुटाळ्यावर,
इंजिन बंद, दारं आतून लॉक,
एक तास दहा मिनिटं.
मला कशाला कळायला हवं होतं हे.

आणि दर तीन आठवड्यांनी, गुरुवारी,
मानेवाडा रोड, कॅन्सर हॉस्पिटलचं पार्किंग.
नऊ चाळीस ते तीन, कधी सव्वातीन.
सीटबेल्ट: एक. बाजूची सीट: रिकामी.
परतताना ताशी वीस, गतिरोधकावर पाच.
ॲप म्हणालं, अभिनंदन!
तुमचं ड्रायव्हिंग सुधारलंय,
शंभरपैकी शहाण्णव.

नवतपा लागला आणि फोन सुरू झाले.
मॅडम, गंभीर आजाराचं कव्हर.
मॅडम, घरपोच नर्स, चोवीस तास.
मॅडम, विग बघता का, अगदी खऱ्या केसांचे.
मुलीचा आवाज गोड, त्याच्या मागे पन्नास मुलींचे आवाज.
मी नुकतीच न्हाऊन केस वाळवत बसले होते.
माझं नाव कोणी दिलं, विचारलं
तर म्हणाली, सिस्टीममध्ये आहे.

शेवटी मीच निनाव्यांना फोन लावला.
दुसऱ्याचं पत्र फोडून वाचल्याची लाज वाटत होती.
सगळं सांगितलं. फुटाळा सोडून.
ते बराच वेळ गप्प.
तिकडे कुकरची शिट्टी झाली, कोणी तरी हसलं.
मग आवाज खाली आणून म्हणाले,
"घरी नाही सांगतलं अजून, ताई.
पोरीचं लगन हाय दिवाळीनंतर.
मले वाटे, फक्त गाडीलेच माहीत हाय."

त्या रात्री ॲप काढून टाकलं.
काढताना खाली बारीक अक्षरांत मजकूर आला.
गाडी घेताना कोण वाचतं,
शोरूमवाल्याने एका हातात पेढा दिला होता,
दुसऱ्या हाताने मी 'मान्य' दाबलं होतं.
आता वाचलं:
आमच्या भागीदारांना दिलेली माहिती
परत घेता येत नाही.
काळजी नसावी, ती निनावी असते.

निनावी.
हसू आलं आधी. मग नाही आलं.
गोळीबार चौकातल्या एका माणसाला
हे त्याच्याच आडनावामागे लपवायला निघालेत.
आणि माझी तीन वर्षं?
माझाही एक फुटाळा होता,
एका डिसेंबरात, काचा वर करून.
किती मिनिटं, ते मला आठवत नाही.
कोणाकडे तरी मांडून ठेवलेलं असेल.

श्रावणात वेगळ्या नंबरावरून
तीच, किंवा तिच्यासारखी.
मॅडम, पेशंट आता कसे आहेत?

गुरुवार होता.
मी गॅस बारीक केला.
मला आता दिसत नाही, म्हटलं.
तुमच्याकडे बघा ना.
आज गाडी निघाली का?